आयलिफने निवडलेली बोअर गाइड

मला पांढऱ्या अस्वलाची भीती वाटते. उत्तर ध्रुवाजवळच्या या स्वालबार्डमध्ये सारा जन्म गेला, तरी वाटते. गावात हे कुणाला सांगायची सोय नाही. इथं शेवटच्या घरापलीकडे पाऊल टाकायचं तर खांद्याला बंदूक लागते, आणि बंदूक लटकवून फिरणारी माणसं भीतीबद्दल बोलत नाहीत, हवेबद्दल बोलतात. म्हणून मीही हवेबद्दल बोलते. पण माझी एकुलती एक मुलगी सुनिवा हिनं अस्वलावर पहारा ठेवायचं काम पत्करलं, त्या दिवसापासून मला हवेबद्दलही बोलता येईना.

काम अगदी साधं आहे, असं तिचं म्हणणं. गोठलेल्या खाडीच्या पलीकडे शिकाऱ्यांची एक जुनी झोपडी आहे, तिथं आठवडाभर राहायचं. योआर नावाचा एक विद्यार्थी बर्फाला भोकं पाडून त्याची जाडी मोजणार, आणि ही त्याच्याकडे पाठ करून चहूकडे नजर ठेवत उभी राहणार.

"म्हणजे तो राबणार आणि तू बघत बसणार," मी म्हणाले.

"हो मम्मा. बघायचाच पगार आहे."

"आणि दिसलं तर?"

"तर त्याला गुड मॉर्निंग म्हणेन. पुरे ना आता!"

मी पुरे केलं. तोंडानं, म्हणजे.

आयलिफची, माझ्या नवऱ्याची, काळजी करायची तऱ्हा वेगळी. तो सामान विकत घेतो. मुलगी जाणार हे ठरल्यावर त्यानं तिला नवे हातमोजे घेतले, नवा थर्मास घेतला, आणि निघायच्या आदल्या दिवशी माझी वॉफलची ताटली बाजूला सारून स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन बोअर गाइड मांडल्या. समोर दोन बंदुका, एक सुनिवाची आणि एक त्याची स्वतःची. दोन्ही जुन्या माउझर रायफली, आणि दोन्हींना त्यानंच हौसेनं बसवलेला नाजूक चाप.

बोअर गाइड म्हणजे तसं फार काही नाही, एक पोकळ दांडी. बंदुकीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा मागचा सरकता दांडा, काढून त्याच्या जागी ती सरकवायची आणि साफ करायची सळई तिच्यातून नळीत घालायची. मग सळई वाकडी जाऊन नळीला आतून चरे पाडत नाही, आणि मळ सोडवायचं औषध मागं ओघळून चापाच्या पेटीत उतरत नाही. एवढ्याशा वस्तूवर आयलिफ अख्खी दुपार काढू शकतो.

"ही जुनी," तो म्हणाला. काळी, आखूड, फक्त माउझरसाठी बनवलेली. तिच्या टोकाला रबराचं कडं होतं आणि ते काडतुसाच्या घरात गच्च बसायचं. "पण आत घालताना जोर लागतो, काढताना शिव्या द्याव्या लागतात. आणि ही नवी बघ! हिला पाच रंगांची टोपणं आहेत. घरातल्या कुठल्याही बंदुकीला चालते. आणि इथं खिडकी आहे!"

"कशाला? आत कोण राहतं?"

"अगं, औषध टाकायला! सळई बाहेर काढायलाच नको. वरून थेंब टाकले की झालं."

मी दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. नवी बंदुकीत घातली तर बोटानं हलवता येत होती. "ही डुगडुगते," मी म्हणाले.

"किंचित हलणारच. सगळ्यांना बसायची म्हणजे..."

"सगळ्यांना बसणारी टोपी कुणालाच बसत नाही, आयलिफ. आणि मुळात एवढं घासायचं कशाला? नळीत चरा पडला तर नेम किती चुकेल, केसभर? अस्वल अंगावर आल्यावर नेम कुणाला हवाय! बार उडाला म्हणजे मिळवली."

"तुला यातलं काही कळत नाही," तो प्रेमानं म्हणाला, आणि त्यानं लेकीकडे पाहिलं. "सुनिवा, तू सांग. बंदूक तुझी आहे."

सुनिवा जमिनीवर बसून स्लेजची पिशवी भरत होती. तिनं बापाचा चेहरा पाहिला. दुकानातून नवं खेळणं आणलेल्या पोरासारखा तो खुलला होता. "नवी," ती हसून म्हणाली. "खिडकीवाली."

मग काय विचारता! आयलिफनं बाह्या सरसावल्या. खिडकीतून औषध टाकलं, सळई चालवली, चिंधी बाहेर आली ती काळी, म्हणून आणखी टाकलं. चिंधी स्वच्छ येईपर्यंत त्याचं हे चाललं होतं. आधी लेकीची बंदूक, मग स्वतःची. शेवटी बोल्ट घालून रिकाम्या बंदुकीचा चाप ओढून दाखवला. टक्. परत. टक्. "घड्याळ आहे घड्याळ," तो म्हणाला. मग दोन्ही बंदुका बाहेरच्या थंड पडवीत गेल्या, तिथंच त्या कायम असतात. उबेत ठेवलेल्या बंदुकीला घाम सुटतो आणि बाहेर नेल्यावर त्या घामाचं बर्फ होतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटेच विद्यापीठाच्या माणसानं दोघांना स्नोस्कूटरवरून झोपडीशी सोडलं आणि तो परत आला. त्यांच्याजवळ उपग्रहाचा फोन होता. पण बॅटरी पुरवायची म्हणून तो एरवी बंद, संध्याकाळी तेवढा चालू करायचा. फोन आला की आयलिफ माझ्या आधी झडप घालायचा.

"कशी आहेस? खाल्लंस काय? आणि बंदूक?"

"फर्स्ट क्लास, पप्पा," पलीकडून आवाज यायचा. "योआरला बर्फापेक्षा माझे पॅनकेक जास्त आवडलेत. मम्माला सांग, अस्वलाचा पत्ता नाही."

दोन संध्याकाळी मी तो आवाज ऐकला आणि दोन्ही रात्री झोपले. आईला झोपायला काय लागतं? तेवढंच लागतं.

त्यानंतरच्या दिवशी न्याहारी झाल्यावर आयलिफ खाणीच्या रस्त्यानं मित्राकडे निघाला. पडवीतून बंदूक उचलली, अंगणात गेला, आत काडतूस नाही हे पाहिलं आणि सवयीनं नळी वर करून चाप ओढला. मी खिडकीतून पाहत होते. त्यानं परत ओढला. बोल्ट मागंपुढं केला, परत ओढला. मग तो नुसताच उभा राहिला.

तो आत आला तेव्हा जोडे काढायला विसरला होता. आमच्याकडे जोडे न काढता माणूस घरात येतो तो आग लागली तरच.

"काय झालं?"

"चाप लोण्यात बोट घातल्यासारखा मागं येतोय," तो म्हणाला. "आणि तिथंच राहतोय."

बंदूक त्यानं टेबलावर ठेवली. आम्ही दोघं समोरासमोर बसलो आणि तिच्याकडे बघत राहिलो. स्वयंपाकघराच्या उबेत थोडा वेळ गेल्यावर त्यानं चाप ओढला. टक्. छान, खणखणीत. त्यानं ती पुन्हा बाहेर बर्फात नेऊन ठेवली, गार होऊ दिली, आणि ओढला. काही नाही. मग त्यानं चापाची पेटी उघडली. आत ते औषध पिवळ्या मधासारखं साचलेलं होतं. उबेत पातळ, थंडीत डिंक.

"डुगडुगत होती," मी म्हणाले. मला ते म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "सगळं मागं ओघळलं. आणि तू ते तपासलंस कुठं, तर चुलीशेजारी!"

आयलिफनं बोटाला लागलेला डिंक टेबलाच्या कडेला पुसला. सुनिवाची बंदूक त्याच टेबलावर, त्याच डुगडुगत्या दांडीनं, त्याच औषधानं साफ झाली होती, आणि हिच्या आधी झाली होती, म्हणजे बाटली भरलेली असताना.

मी फोन लावला. बंद. परत लावला. बंद. तो संध्याकाळीच चालू होणार हे ठाऊक असूनही मी लावत राहिले. मग बचाव पथकाला कळवलं. तिथली बाई शांतपणे म्हणाली की खाडीवर धुकं उतरलंय, धुकं हललं की हेलिकॉप्टर लगेच सोडतो. तिचं काही चुकलं नव्हतं, तरी मला तिच्या शांत आवाजाचा संताप आला.

"संध्याकाळपर्यंत थांबलो तर..." आयलिफ म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत कोण थांबतंय? स्कूटर काढ."

पण बंदूक? आमच्या घरात आता चालणारी बंदूकच नव्हती. मी शेजारच्या हॉग्नेकडे धावले. हॉग्ने म्हातारा खाणकामगार, त्याची बंदूक त्याच्याहून म्हातारी. आयलिफनं ती हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "साफ कशानं करतोस?"

"साफ?" हॉग्ने म्हणाला. "बायकोनं मला कधी आंघोळीची सक्ती केली नाही, मी बंदुकीला कशाला करू?"

त्याच्या अंगणातल्या थंडीत आयलिफनं चाप ओढला. टक्. मला त्या मळक्या म्हाताऱ्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

खाडीच्या बर्फावर आल्यावर आम्हाला धुक्यानं गिळलं. एप्रिलचा सूर्य कुठंतरी वर होता. सगळं पांढरं होतं, खालीही आणि वरही. मी आयलिफच्या मागं बसून त्याची कंबर घट्ट धरली होती. बर्फाचा प्रत्येक उंचवटा मला अस्वल वाटत होता. मी डोळे मिटले तर सुनिवा दिसायची, खांद्याला बंदूक लावून उभी, चाप ओढतेय आणि काही होत नाही. उघडले तर पांढरं. मिटायचे की उघडे ठेवायचे हे मला कळेना. आयलिफ मधूनच काहीतरी बोलत होता. इंजिनाच्या आवाजात मला वाटलं, रस्त्याबद्दल बोलतोय. कान लावला तेव्हा कळलं, तो नुसता तिचं नाव घेत होता.

झोपडीच्या अलीकडे आम्हाला योआरचं बर्फ पोखरायचं यंत्र दिसलं. ते आडवं पडलं होतं, शेजारी एक हातमोजा होता, आणि दोन माणसांच्या पावलांच्या खुणा झोपडीकडे गेल्या होत्या, लांब लांब टाकलेल्या, धावणाऱ्या माणसांच्या. त्यांच्यावर तिसऱ्या खुणा होत्या. त्या ताटलीएवढ्या होत्या.

मी आयलिफच्या खांद्यावरून हात पुढं करून त्या खुणांकडे बोट दाखवलं.

त्यानं स्कूटर हळू पुढं नेली. धुक्यातून झोपडी वर आली. धुराड्यातून धूर नव्हता. खिडकीवरची फळी एका खिळ्यावर लोंबत होती. आयलिफनं बंदूक खांद्यावरून काढली, काडतूस आत ढकललं. बोल्टचा खडखडाट मला ऐकू आला.

"सुनिवा!" मी ओरडले.

काही नाही. मग आतून, दाराला तोंड लावून बोलल्यासारखा आवाज आला. "मम्मा? उतरू नका! इंजिन बंद करू नका! ते मागच्या बाजूला आहे!"

ती जिवंत होती. एवढं मनात यायला अवधी मिळाला, आणि ते झोपडीच्या कोपऱ्यावरून पुढं आलं. पांढरं नव्हतंच ते, पिवळट होतं, आणि वाळलेलं. कातडी अंगावर लोंबत होती. घाई त्याला अजिबात नव्हती. दाराकडे त्यानं एकदा पाहिलं, मग आमच्याकडे वळून नाक वर केलं आणि वास घेतला. मी आयलिफच्या पाठीला धरून होते आणि त्याची पाठ दगडासारखी झाली होती. 'मार, मार,' असं मी म्हणत होते की नुसतं मनात येत होतं, देव जाणे. ते चालत आमच्याकडे निघालं.

हॉग्नेच्या बंदुकीचा बार झाला. अस्वलाच्या पुढ्यातला बर्फ उडाला. ते थबकलं. दुसरा बार. मग ते वळलं आणि उड्या मारत धुक्यात शिरलं. त्याच्या पावलांचा आवाज आला नाही. तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं, एवढं मोठं जनावर आणि आवाज नाही.

दार उघडलं. मी धावले की पडत गेले हे मला आठवत नाही. सुनिवाला मी इतक्या जोरानं धरलं की ती "आई गं" म्हणून कळवळली. तिच्या मागं योआर एका हातात तवा घेऊन उभा होता. उंच, दाढीवाला, विद्यापीठात शिकणारा मुलगा, आणि तव्याची मूठ सोडायला तयार नव्हता.

"बसा," तो म्हणाला. "चूल पेटवतो. वास बाहेर जायला नको म्हणून विझवली होती."

सुनिवानं दार उघडताना कोपऱ्यात टेकवलेली तिची बंदूक आयलिफनं उचलली. तिच्या चापापाशी हात लावला आणि तो माझ्याकडे बघायला लागला. "ही गरम कशी?" त्यानं विचारलं.

योआर म्हणाला, "तिच्या जॅकेटच्या आतच असते ना. चाप गार झाला की चालत नाही. रात्रीसुद्धा ती बंदूक स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपते. पोखरायच्या यंत्राच्या पेट्रोलनं धुऊन बघितली, पण त्यात तेल मिसळलेलं, त्यानं आणखी बिघडली. तुम्हाला माहीत नाही?"

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या सकाळपासून," योआर म्हणाला. मग त्याला सुनिवाचा चेहरा दिसला आणि तो चुलीकडे वळला.

पहिल्या सकाळपासून. म्हणजे दोन्ही फोनच्या आधीपासून. मी एकदम पेटले. "आणि फोनवर काय सांगत होतीस? फर्स्ट क्लास? अगं, तुला घ्यायला कुणी आलं असतं, दुसरी बंदूक पाठवली असती! तोंडाला काय झालं होतं तुझ्या?"

"फोनवर पप्पा असायचा," ती हळू म्हणाली.

"मग?"

"मग काय, मम्मा. तो किती खूश होता ती खिडकीवाली निवडताना. त्याला सांगायचं कसं?"

आयलिफ बाकावर बसला. "सकाळी काय झालं?" त्यानं विचारलं.

"योआर यंत्र चालवत होता. मला उशिरा दिसलं, धुकं होतं. मी जॅकेटमधून काढली, पहिली गोळी हवेत सुटली. ते थांबलं, मग पुन्हा यायला लागलं. दुसरी सुटलीच नाही. तेवढ्यात चाप गार झाला होता. इशाऱ्याचं पिस्तूल उडवलं आणि पळालो. फोन लावायचा तर उघड्यावर जावं लागतं, आणि ते जागचं हलेना. एका गोळीच्या भरवशावर दार उघडायचं धाडस झालं नाही."

"किती जवळ आलं होतं?"

योआरनं तवा खाली ठेवला, दाराकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं. "एवढं," तो म्हणाला.

ती मघाशी कळवळली होती ते माझ्या ध्यानात होतं. मी तिला चुलीपाशी ओढलं आणि नको नको म्हणत असतानाच स्वेटर वर केला. पोटावर, बेंबीच्या बाजूला, कातडी लालभडक झाली होती. मधोमध पाण्यानं भरलेला फोड होता, लांबट, चापाभोवतीच्या लोखंडी कड्याच्या आकाराचा. गारठलेलं लोखंड कपड्यावरून अंगाला लावून लावून उमटलेला. त्याच्या खाली एक आधीचा, फुटलेला. बाहेर चाप गार झाला की दर वेळी तिनं ते तिथं दाबून धरलं होतं.

आयलिफनं पाहिलं. त्यानं हात पुढं केला, मग लावायचा धीर झाला नाही म्हणून मागं घेतला. मला वाटलं, आता तो माफी मागेल, रडेल, काहीतरी करेल. त्यानं एवढंच विचारलं, "खूप दुखतंय?"

"छे, पप्पा," सुनिवा हसून म्हणाली. "काहीच नाही."

फोनवर 'फर्स्ट क्लास' म्हणाली होती त्याच आवाजात. मी कान देऊन ऐकत होते. मी तिची आई आहे, तिला बोलायला मी शिकवलं, आणि त्या आवाजात खोटं कुठं आहे ते मला ओळखता आलं नाही.